तिसऱ्या पडद्यावरचं झाड

“तिसऱ्या पडद्यावरचं मोहाचं झाड बिघडलेलं आहे. नुसतं पांढरं दिसतं. अस्वल त्याच्यापाशी आलं की गायब होतं. कृपया दुरुस्त करा.”

अशी तक्रार मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. तक्रार करणारे बहुतेक पुण्या-बंगळुरूकडचे, जुन्या व्हिडिओ गेमचे शौकीन असतात. मोबाइलवर माझ्या नावाने एक छोटासा फुकटातला खेळ आहे. एक बाई मोहफुलं वेचते, अस्वल मागे लागतं, ती झाडावर चढते, उडी मारते, टोपली भरते. एवढंच. प्रत्येक तक्रारीला मी एकच उत्तर पाठवतो : ‘मूळ खेळात असंच होतं.’

उत्तर खरं आहे. पण खरं बोलूनही माणूस लबाड राहू शकतो, हे मला वीस-बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. खेळ माझा नाही. तो बंडूजी सिडाम यांचा. त्यातलं झाड तेवढं माझं. हे नीट सांगायचं तर दोन ओळी पुरत नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या कारखान्याचं नाव घेत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातला, आणि जे झालं त्यात कारखान्याचा काही दोष नव्हता, एवढं पुरे. मी इन्स्ट्रुमेंट विभागात ज्युनिअर इंजिनियर म्हणून लागलो तेव्हा सिडामभाऊ तिथे टेक्निशियन होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. गाव जिवतीच्या डोंगरात, शिक्षण आयटीआय. उंची बेताची, मनगटं नांगरधऱ्याची आणि त्या मनगटांना लावलेली बोटं मात्र घड्याळजीची. सोल्डरिंग करताना ते गोंडीत काहीतरी गुणगुणत. टाका बसला की गाणं तिथंच थांबे, ओळ अर्धी राहिली तरी. लॅबच्या बाहेर उभं राहून आम्ही ओळखायचो, भाऊंचे किती टाके झाले.

त्यांचं एक वाक्य होतं : “पहिले आपला हात पाहा.” आणि ते नुसतं वाक्य नव्हतं. एखादं यंत्र बिघडलं की बाकीचे ऑपरेटरला शिव्या घालत, वीजवाल्यांना घालत. भाऊ दोन्ही तळहात समोर धरून खरोखर पाहत. मग स्वतःचा प्रत्येक टाका, प्रत्येक जोड तपासत. एकदा एका मीटरपायी त्यांनी दोन दिवस घालवले आणि शेवटी निघालं काय, तर ऑपरेटरने मीटरच्या काचेवर ठोसा मारला होता.

मी म्हटलं, “भाऊ, दोन दिवस फुकट गेले न. तुमची चूक नव्हतीच.”

“नव्हती. पन आता मले मालूम हाय का नव्हती. पयले नुसतं वाटून राह्यलं होतं.”

असा माणूस हाताखाली असणं फार सोयीचं असतं. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. ज्याला आधी स्वतःचा संशय येतो त्याच्याभोवतीचे सगळे निर्धास्त झोपतात.

दुसरी गोष्ट टिकलीची. त्या काळी यंत्रांचा प्रोग्राम ज्या चिपमध्ये भरत, तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. त्या खिडकीवर एका खास दिव्याचा उजेड वीस मिनिटं पाडला की आतलं सगळं पुसलं जाई. मग चिपमध्ये नवं भरता येई. म्हणून भरलेल्या चिपची खिडकी झाकून ठेवायची. कंपनीने दिलेले स्टिकर आमच्याकडच्या उन्हाळ्यात चार दिवसांत गळत. भाऊंनी उपाय काढला. बायकोच्या मखमली टिकल्या. मोठ्या, मरून रंगाच्या. खिडकीवर बरोब्बर बसत.

“भाऊ, आज कोनाले टिकली लावली?” कोणीतरी विचारायचंच.

“सवाशीन हाय जी,” भाऊ मान वर न करता म्हणत. “भरल्या घरची. उघड्या कपाळानं कशी ठेवू?”

तिसरी गोष्ट धुळीची. आमच्या लॅबमध्ये धूळ इतकी, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं. घट्ट बसणारं झाकण एकाच वस्तूला होतं. त्या पुसायच्या दिव्याच्या पेटीला. दिव्याचा उजेड डोळ्यांना वाईट, म्हणून तिचा खण अगदी चपखल केलेला. भाऊ आपल्या चांगल्या, भरलेल्या चिपा टिकली लावून त्याच खणात ठेवत. पुसायच्या यंत्रात जपून ठेवायच्या वस्तू! बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल. आमच्या धुळीत ते शहाणपण होतं. खणावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती : ‘पाहून चालू करा.’

आता खेळाकडे येतो.

भाऊंकडे चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, बॅटरीवर चालणारा, आणि कॅसेट घालायचा एक स्वस्तातला व्हिडिओ गेम. सुटीच्या दिवशी बाजार असला की ते गावाकडे जात आणि बाजाराच्या कडेला, मोठ्या चिंचेखाली, हा संसार मांडत. पोट्टे गोळा होत. खेळायची पाळी हवी तर मूठभर बोरं, नाहीतर दोन-चार टेंभरं. काहीच नसलं तर मागच्या पोट्ट्याला दिसावं म्हणून खाली बसायचं, तेवढ्यावरही पाळी मिळे.

मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. टीव्हीवर कुठल्याशा परदेशी शहरात मोटारी धावत होत्या. एका मुलीने विचारलं, “भाऊ, याच्यात आपलं जंगल काऊन नाई?”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. परतीच्या बसमध्येही ते हातांकडेच पाहत होते.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी तो खेळ केला. नागपुरात फुटपाथवर मिळालेल्या एका जाड झेरॉक्स पुस्तकावरून शिकले. संगणक नव्हताच. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन पेन्सिलीने भरून बाई काढली, अस्वल काढलं, झाडं काढली, आणि प्रत्येक चौकोनाचा आकडा शेजारी मांडला. जेवणाच्या सुटीत, विभागाच्या साहेबांना विचारून, लॅबच्या यंत्रावर ते आकडे चिपमध्ये भरले. एक चिप चालीची, एक चित्रांची.

खेळात एक नियम होता, तो कुठेही लिहिलेला नाही. प्रत्येक पडद्यावर पडलेलं पहिलं फूल बाईने टोपलीत घ्यायचं नाही, झाडाच्या बुडाशी ठेवायचं. ते घेतलं तर अस्वल दुप्पट वेगाने येतं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा तीनदा मेलो.

“भाऊ, हे काय? काही चूक झाली वाटते.”

“चूक तुमची हाय, साहेब. पंडुम केल्याबिगर पयलं फूल आपलं नसते. झाडाचं झाडाले द्या, मंग आपलं घ्या.”

त्यांच्याकडे नवं फूल, नवं फळ आधी देवाला, पुरखांना दाखवतात आणि मगच तोंडात घालतात, त्याला पंडुम म्हणतात. हे भाऊंनी खेळात घातलं होतं. पुढे बाजारातल्या पोट्ट्यांना ते सांगावं लागलं नाही. पहिल्याच पाळीला त्यांनी फूल बुडाशी ठेवलं.

चित्रांची चिप पुरी झाली तेव्हा ती त्यांनी टिकली लावून खणात ठेवली. दुसऱ्या दिवशी सुटी होती. सकाळी ती कॅसेटमध्ये बसवून ते बाजारात नेणार होते.

त्या दुपारी मी काय केलं ते सांगतो.

मला एक रद्दी चिप पुसायची होती. खण उघडला. आत टिकल्या लावलेल्या दोन चिपा. एक भाऊंची. दुसरी कारखान्याच्या मोठ्या पंख्यावर ताबा ठेवणाऱ्या कार्डाची, राखीव ठेवलेली एकुलती एक चिप. तीही भाऊंनीच जपून ठेवलेली. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती. टिकली म्हणजे भरलेली चिप, हे ठाऊक असूनही घाईत वाटलं, खण पुसायच्या यंत्राचा आहे म्हणजे आतलं पुसायचंच असणार. माझं लग्न ठरलं होतं, संध्याकाळच्या गाडीने वरोऱ्याला घरी जायचं होतं, डोकं तिकडे. मला वाटलं, टिकल्या असल्या तर नीट पुसलं जाणार नाही. म्हणून मी त्या काढल्या. एक अख्खी निघाली. दुसरी अर्धी फाटली, अर्धी काचेला चिकटून राहिली. नखाने खरवडली, निघेना. म्हटलं, जाऊ दे. वीस मिनिटांचा काटा लावला आणि चहाला गेलो. परत येऊन माझी चिप घेतली, दिव्याने तापून सैल झालेली ती अर्धी टिकलीही ओढून काढली, बाकीच्या चिपा तिथेच राहू दिल्या. ती अख्खी टिकली मी कुठे टाकली आठवत नाही. फाटलेला तुकडा बोटाला चिकटला होता. तो मी टेबलाच्या खालच्या कडेला पुसला.

चार दिवसांनी मोठ्या पंख्याचं कार्ड बंद पडलं. राखीव चिप लावली. ती कोरी होती. दीड दिवस उत्पादन बंद. साहेबांच्या खोलीत आम्हाला सगळ्यांना बोलावलं. खणात आणखी कोणाच्या चिपा असतात? सिडामच्या. त्या खेळाच्या? हो. आणि त्याची चित्रांची चिपही अर्धी पुसलेली निघाली, हे भाऊंनी स्वतःच सांगितलं. म्हणजे एकाच वेळी दोन्ही पुसल्या गेल्या.

साहेब म्हणाले, “सिडाम, तूच चालू केलं का?”

भाऊंनी तळहात समोर धरले. बराच वेळ पाहिले. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. खोलीत पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद फडफडत होते, आणि मी माझ्या डायरीतल्या कोऱ्या पानाकडे बघत होतो.

“याद तं नाई, साहेब,” भाऊ म्हणाले. “पन टिकल्या लावाच्या राह्यल्या असन माह्याच हातून. नाईतं उजेड आत गेला कसा? त्या दिवशी माहं मन खेळात होतं.”

ते खोटं बोलत नव्हते. दुसऱ्याचा दोष अंगावर घेणारे थोर लोक असतात असं ऐकलं आहे. भाऊ तसे नव्हते. त्यांना मनापासून तसं वाटलं. पहिले आपला हात पाहा. त्यांनी पाहिला, आणि त्यांना त्यात चूक दिसली.

त्यांना लॅबमधून काढून स्टोअरला पाठवलं. तिथे ते नट-बोल्ट मोजत बसत. गाणं बंद झालं. नवीन सवयी लागल्या. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायचं, सायकल स्टँडवरून मागे येऊन पुन्हा ओढायचं. सोल्डरची कांडी त्यांनी परत हातात धरली नाही. खेळाच्या चौकटीच्या कागदांची थप्पी आंघोळीचं पाणी तापवायला गेली.

“भाऊ, चित्रं पुन्हा काढा न,” मी एकदा म्हणालो. हिंमत बघा माझी.

“हाताचा भरोसा नाई राह्यला, अनंताबाबू.”

अर्धी पुसलेली चिप मात्र त्यांनी फेकली नाही. होती तशी कॅसेटमध्ये बसवली आणि टीव्ही घेऊन बाजारात गेले, कारण ‘आपलं जंगल काऊन नाई’ विचारणाऱ्या त्या मुलीला त्यांनी मागाहून शब्द दिला होता. बाई ठीक होती, अस्वल ठीक होतं. तिसऱ्या पडद्यावरचं झाड तेवढं नुसतं पांढरं फटक. अस्वल त्यापुढे आलं की दिसेनासं होई. पोट्ट्यांना ते फार आवडलं. त्याला ‘उजेडाचं झाड’ म्हणू लागले. अस्वल दिसत नसताना किती आकडे मोजून उडी मारायची, ते एकमेकांना शिकवू लागले. “सात मोज बे, सात! आठाले खाते!” भाऊ मागे उभे राहून बघत. कोणी झाडाचं कौतुक केलं की म्हणत, “ते माही चूक हाय रे बाबू.”

पुढे घरोघरी रंगीत टीव्ही आले, मग मोबाइल आले, चिंचेखालचा संसार उठला. मी नोकरी सोडून नागपूरला निघालो तेव्हा भाऊंनी ती कॅसेट माझ्या हातात दिली. “तुमी ठेवा. तुमाले याच्यातलं समजते.”

मी ती पंधरा वर्षं कपाटात ठेवली. बायकोलाही दाखवली नाही.

पन्नाशी उलटल्यावर माणसं योगासनं करतात, मी जुने खेळ मोबाइलवर आणायच्या नादाला लागलो. दुसऱ्यांचे खेळ आणून झाले. एक दिवस कपाट उघडलं. चिपा वाचायचं यंत्र मागवलं, आतले आकडे उतरवून घेतले, आणि खेळ चालू झाला. पडद्यावर बाई चालली, अस्वल आलं, तिसऱ्या पडद्यावर झाड पांढरं. मी बसने जिवतीकडे निघालो.

भाऊ निवृत्त होऊन गावी होते. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. शेवंतावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाणी दिलं. भाऊंचे केस पांढरे झालेले, बोटं तशीच.

“जोहार, साहेब! बुढे झाले न जी तुमी.”

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. “हा कोनाचा खेळ हाय?”

“तुमचा, भाऊ.”

“माहा नाई.”

मी म्हटलं, आकडा न् आकडा तोच आहे. ते म्हणाले, “आकडे असतीन. खेळ नोहे. लुगडं हिरवं कोनं केलं?” यंत्रात रंग होतेच, आम्ही ते कधी पाहिले नव्हते, काळ्या-पांढऱ्या टीव्हीमुळे. “आमच्या बाजारात प्रत्येक पोट्ट्याच्या मनात तिचं लुगडं येगळ्या रंगाचं होतं. तुमी सगळ्याइचं एकच करून टाकलं.”

मी रंग काढून पुन्हा गेलो. या वेळी म्हणाले, “चौकोन दिसून राह्यले. टीवीत टिंबं एकमेकांत मुरत होते, भातात वरन मुरते तसे. हे तं कोरडं वाढलं तुमी.” मी टिंबं मुरवली. त्यासाठी भंगारातून एक तसला टीव्ही मिळवला आणि भिंग लावून त्याची काच बघत बसलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटून नुसता अंगठा चालवला. “उडी उशिरा भेटते.”

“भाऊ, डोळ्याची पापणी लवते त्याच्या निम्म्यातही नाही तेवढा उशीर.”

“तुमच्या घडीत नसन. माह्या अंगठ्यात हाय. खेळ बोटात राह्यते, टीवीत नाई. मांगतलं तवाच देल्लं पाह्यजे. उशिरा देल्लं, त्याले देनं म्हनत नाई.”

मी मोबाइल खिशात टाकला.

घरी येऊन तो उशीर कमी करायला मला दोन महिने लागले. आणि एक गोष्ट मी माझ्या मनाने घातली. बाजारात तासाभराने बॅटरी उतरायला लागली की टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आत आकसायचं, कडा थरथरायच्या, आणि शेवटी पोट्टे पोस्टकार्डाएवढ्या चित्रात खेळत. ते मी मोबाइलवर केलं. काही वेळ खेळलं की चित्र हळूहळू आकसतं.

चौथ्या खेपेला भाऊ अंगणात खाटेवर बसून खेळत होते. चित्र आकसायला लागलं. त्यांनी काही विचार न करता मोबाइलच्या कुशीत एक चापट मारली. टीव्हीला मारायचे तशी. मग स्वतःच थांबले आणि हसत सुटले.

“अवो शेवंता! बॅटरी उतरली वो!”

वहिनी दारात आल्या. “कोनाची? तुमचीच उतरली असन.”

हसता हसता भाऊंचे डोळे पाणावले. “आता हाय माहा खेळ,” ते म्हणाले. मग मोबाइल मांडीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “एकच काम राह्यलं, अनंताबाबू. ते झाड ठीक करा. सगळं दुनियेले जसंच्या तसं दाखवा, पन माही चूक कायले दाखवता? मराच्या पयले तेवढी मिटवा.”

आणि त्यांनी तळहात समोर धरले. बावीस वर्षांनंतर, तसेच.

मी बोललो. कसं बोललो ते सांगता येत नाही, पण क्रमाने बोललो. खण, टिकल्या, चहा, साहेबांची खोली, डायरीचं कोरं पान. वहिनी आत गेल्या होत्या, भांडी वाजत होती. भाऊ ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा :

“टिकली कोन्या अंगानं फाटली होती?”

मी तळहातावर बोटाने दाखवलं. ते पुटपुटत हिशेब करू लागले. “म्हंजे चिपीचा हा भाग झाकून राह्यला… बाई इथी, अस्वल इथी… आनि झाड उघडं पडलं. बरोबर. बरोबर हाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हंजे माहे कागद बरोबर होते.”

“एकही आकडा चुकला नव्हता, भाऊ.”

“आनि मी पानी तापोलं त्याईच्यावर.”

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं, आणि त्यांनी ती मागायला जागाही दिली नाही. शेवटी म्हणाले, “मी रोज कुलूप तीनदा वढून पाह्यतो. अजूनबी. तुमाले हे मालूम होतं?”

“हो.”

“मालूम होतं,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या दोन शब्दांनी मला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं.

मग ते उठले. “मले सांगतलं. आता आत जा आनि तिले सांगा.”

“वहिनींना?”

“तिच्या कपाळावर टिकली पाह्यली का कदी, इतक्या खेपा आले तं? तिले वाटते, तिनं देल्लेल्या टिकल्या जुन्या होत्या, डिंक सुकला होता, म्हनून त्या गळाल्या आनि माही लॅब गेली. तवापासून घरात टिकलीचं पाकीट नाई आलं. मी लाख सांगतलं का चूक माही हाय. आमी दोघं बुढाबुढी बावीस साल भांडून राह्यलो, चूक कोनाची म्हनून. जा.”

वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. कपाळावर गोंदण होतं, दुसरं काही नव्हतं. मी दारात उभा राहून सांगितलं. त्यांनी जाळ सारखा केला, ओल्या लाकडाचा धूर पदराने वारला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

“अर्धी फाटली?” त्या म्हणाल्या.

“हो वहिनी. नखानं खरवडली तरी निघेना.”

“निघंन कशी? ताजा डिंक होता.” त्या माझ्याकडे वळल्या. “मी म्हनत होती यायले, टिकली चांगली होती. मंग मलेच वाटाले लागलं का नसन.” आणि एकदम म्हणाल्या, “तुमी जेवाले थांबू नका आज. भाकर होईन, पन मले वाढता नाई येनार.”

मी बाहेर आलो. भाऊ खाटेवर मोबाइल घेऊन बसले होते. “झाड ठीक करू का?” मी विचारलं.

“नको. पोट्ट्याइनं सात मोजून उड्या मारल्या त्याच्यावर. ते आता त्याइचं हाय. तसंच राहू द्या. फक्त खाली लिहा, झाड कोनाच्या हातानं बिघडलं ते. नाव घालून लिहा.”

मी हो म्हटलं. आणि घरी येऊन खेळ सगळ्यांसाठी खुला करताना पहिल्या पडद्यावर त्यांचं नाव घातलं, माझ्याबद्दलची ओळ घातली नाही. पुढच्या वेळी घालू म्हटलं. भाऊ गेल्या पावसाळ्यात गेले. परवा रात्री जेवल्यावर मी ती ओळ लिहिली, आता खेळ उघडला की दिसते : ‘तिसऱ्या पडद्यावरचं झाड अनंताने बिघडवलं. बंडूजी सिडाम यांची त्यात काही चूक नव्हती.’ मागितलं तेव्हा दिलं नाही. भाऊंच्या हिशेबात याला देणं म्हणत नाहीत. मला माहीत आहे.

भाऊंना शेवटचं पाहिलं ते त्या कबुलीच्या दुसऱ्या दिवशी. बाजाराचा दिवस होता. ती जुनी चिप मी आदल्या दिवशी निघताना भाऊंना परत दिली होती. रात्री मी मुक्काम केला होता तालुक्याच्या गावी, आणि सकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. बस बाजारातून गर्दीमुळे हळू निघाली. चिंचेच्या पुढे बांगड्या-टिकल्यांचं दुकान जमिनीवर मांडलेलं. तिथे दोघं उकिडवी बसली होती. भाऊंनी टिकल्यांचं पाकीट डाव्या हातात धरलं होतं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत ती चिप. एकेका टिकलीवर काच टेकवून ते माप बघत होते. दुकानवाली तोंडाला पदर लावून हसत होती. वहिनी त्यांच्या हातातून पाकीट ओढत होत्या, बहुधा म्हणत होत्या की आधी माझ्या कपाळाचं माप बघा.

भाऊंनी मान वर केली नाही. बसच्या घरघरीत ऐकू काही आलं नाही, पण त्यांचे ओठ हलताना मला दिसले. टिकली बसली तेव्हा थांबले.